पेन्शन दाखवायला मॉरिशसला

मॉरिशसला जाऊन आलेल्या माणसाला लोक समुद्राचा रंग विचारतात. मला विचारू नका. तिथे सगळ्यात जास्त वेळ मी पाहिली ती एका सरकारी कचेरीतली प्लास्टिकची खुर्ची. ती निळी होती. समुद्रही निळाच असावा.

मी भूगोलाचा प्राध्यापक. धुळ्याच्या कॉलेजात जन्म गेला. मॉरिशसचं बेट ज्वालामुखीतून कसं वर आलं, तिथे ऊस का पिकतो, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. तेही तासाची घंटा कधी होते एवढंच कुतूहल असलेल्या पोरांना. निवृत्तीनंतर त्याच बेटावर राहायला जायचा योग येईल असं स्वप्नातही नव्हतं. योग अगदी दाराशी आला होता. तो मी कसा हाकलून लावला ते सांगायला हे लिहितो आहे. ज्यांना पुढेमागे परदेशात जाऊन आपली पेन्शन दाखवायची आहे त्यांनी नीट वाचावं. बाकीच्यांनी हसावं. आमच्या घरात सध्या कुणी हसत नाही, तेव्हा तेवढं काम बाहेरून झालेलं बरं.

धुळे

माझी मुलगी मीनल मॉरिशसमधल्या एका समुद्रकाठच्या हॉटेलात कामाला आहे. जावईही तिथेच होता. मग तो दुसऱ्या देशात गेला आणि दुसऱ्या संसारातही. मीनलची ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रीची. नात ईरा सहा वर्षांची. तिला सांभाळायला बायका ठेवून पाहिल्या, टिकल्या नाहीत. शेवटी माझी बायको शैला टूरिस्ट म्हणून तिथे गेली आणि एकही प्रेक्षणीय स्थळ न पाहता नातीच्या वेण्या घालत बसली. टूरिस्ट म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला मुदत असते. तिच्या मुदतीचे थोडेच महिने उरले होते.

"बाबा, तुम्ही रिटायरमेंटचा परवाना काढा," मीनल फोनवर म्हणाली. "तुम्हाला मिळाला की तुमच्या नावावर आईलाही मिळतो. दोघं इथेच राहा. नाहीतर मग बघू."

बघू म्हणजे काय, ते शैलाने दुसऱ्या दिवशी सांगितलं, मीनल कामावर गेल्यावर, फोनवर हळू आवाजात. "ती ईराला आपल्याबरोबर धुळ्याला पाठवायचं म्हणतेय. एकटी राहीन म्हणते. अहो, मी पोरीला आईपासून तोडून आणणार नाही हं. तुम्ही काय ते कागद नीट करा. नीट म्हणजे नीट."

अट साधी होती. दरमहा ठरावीक डॉलर देशाबाहेरून येतात, आणि ते तुमच्या स्वतःच्या पेन्शनचे आहेत, एवढं कागदावर दाखवायचं. मी माझी पेन्शन डॉलरमध्ये बदलून पाहिली. ती त्या आकड्याच्या जरा वर जात होती. जरा म्हणजे अगदीच जरा. जन्मभर मी दुसऱ्यांची पोरं काठावर पास केली, आणि रात्री शांत झोपलो. स्वतः काठावर उभं राहायची वेळ आली तेव्हा मी रात्री उठून डॉलरचा भाव बघू लागलो. रुपया घसरला तर? साहेबाला माझा चेहरा आवडला नाही तर?

शहाणा माणूस अशा वेळी ज्याची अट आहे त्यालाच विचारतो. मी सोनगीरला आबांना विचारायला गेलो.

सोनगीर

आबा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. कापूस पिकवतात, आणि फावल्या वेळात लग्नं जुळवतात. पंचक्रोशीतल्या निम्म्या संसारांना तेच जबाबदार आहेत. हायवेवरून किल्ला दिसला की बसमधून उतरायचं, तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं ओलांडायची, आणि ज्या ओट्यावर सगळ्यात मोठ्याने बोलणं चाललं असेल तिथे आबा.

"ये भाऊ, बस. काय काम काढं?"

मी सांगितलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा खाता खाता सांगितलं, त्यामुळे डोळ्यांतून पाणीही आलं, आणि आबांना प्रकरण जास्तच गंभीर वाटलं.

"पेन्शन कमी शे का?"

"कमी नाही आबा. काठावर आहे."

"मंग काठवर कसाले उभा ऱ्हास? आम्ही बठ्ठा कसाले शेतस?" आबांनी मांडी बदलली. लग्नाची बोलणी सुरू करताना ते हमखास मांडी बदलतात. "पोऱ्याले देखाले पाव्हना येतस, तवय आपला दारमा कोनी म्हैस ऱ्हास?"

"शेजारनी म्हैस," ओट्यावरचा एक जण म्हणाला.

"मंग? पाव्हना म्हैसले इचारतस का, बाई, तू कोनी शे?"

ओटा हसला. मीही हसलो. हसण्यासारखं होतंच, आणि खरंही होतं. पाहुणे यायचे म्हटलं की आमच्याकडे शेजारचा ट्रॅक्टर अंगणात येतो, पलीकडच्या घरातला सोफा भिंत ओलांडतो. त्यात फसवणूक आहे असं कुणी मानत नाही. आज त्याचा सोफा, उद्या आपली म्हैस. माझ्या वेळी आमच्या ओट्यापुढे उभी असलेली बुलेट पाहून शैलाच्या वडिलांनी होकार दिला होता. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी ती बुलेट पेट्रोल भरून मालकाकडे परत गेली.

"तुन्हा खातामा आम्ही बठ्ठा थोडा थोडा टाकी देतस," आबा म्हणाले. "खातं जरा भरेल दिसाले पाहिजे. काम हुयनं का परत कर. घाई नही शे."

मी नको म्हणायला हवं होतं. एवढा शिकलेला माणूस. जगाचा नकाशा डोळे मिटून काढणारा. पण मनातल्या मनात मला ती कल्पना फार आवडली. माझं खातं मला पहिल्यांदाच भरल्या घरासारखं दिसू लागलं.

पुढचे काही महिने माझा मोबाईल गुरगुरत राहिला. आबांचे पैसे आले. मेहुण्यांचे आले. ज्यांच्याशी बांधावरून आमचं बोलणं बंद होतं त्या भाऊबंदांनीही न बोलता टाकले. सगळ्यात हुशार निघाला चाळीसगावचा माझा पुतण्या. त्याचं किराणा दुकान आहे. त्याने विचार केला, काकांना पेन्शन दाखवायची आहे ना? मग पैसे पाठवताना शेऱ्याच्या रकान्यात त्याने 'पेन्शन' असंच लिहिलं. वर मला फोन केला, "काका, आता कुणाला कळायचं नाही." ही युक्ती त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. मग सगळेच पेन्शन पाठवू लागले. एका मावसभावाने जरा जास्तच माया दाखवली. त्याने इंग्रजी अक्षरांत आपल्या भाषेत लिहिलं, 'दादांच्या पेन्शनला हातभार'.

मला दर वेळी भरून येत होतं. खरं सांगतो, ते खोटं नव्हतं.

जळगाव

पेन्शन मंजुरीचा दाखला जळगावच्या कचेरीतून घ्यायचा होता आणि तिथेच कोर्टाजवळ सगळ्या कागदांचं इंग्रजी भाषांतर करून त्यावर शिक्का घ्यायचा होता. एरंडोलवरून एसटीने गेलो. हिवाळा होता, रस्त्याकडेला वांगी भाजल्याचा धूर, शेतांत भरीत-पार्ट्या. कचेरीत मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. दाखला मिळाला, चहाही मिळाला. एखाद्या कचेरीला शिव्या घालायची तयारी करून जावं आणि काम व्हावं, याच्याइतका हिरमोड नाही.

भाषांतरकार रावेरकडचे होते. टेबलावर केळ्यांचा घड ठेवूनच बसले होते. "घ्या भो सर, घरचे हायेत," म्हणाले आणि माझं बँकेचं स्टेटमेंट वाचू लागले. मध्येच थांबले.

"सर, हे बी तुमचं पेन्शनच हाये का?"

"नाही, ते नातेवाईक."

"आन हे?"

"तेही."

त्यांनी केळं सोललं, खाल्लं, साल बाजूला ठेवलं. मग 'दादांच्या पेन्शनला हातभार' याचं त्यांनी इतकं सुंदर, स्वच्छ इंग्रजी केलं की मला भीती वाटली. मराठीत जी माया होती ती इंग्रजीत गुन्ह्याची कबुली वाटत होती.

"हे शेरे गाळा ना."

"गाळता येत नाही भो. खाली शिक्का मले माराचा हाये."

"मग हे पानच काढून टाकू?"

"पान काढाल तर पुढच्याची शिल्लक कुठून आली म्हनतील." त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "तुमचा दाखला तं चांगला हाये सर. एवढी वरात कशाला काढली?"

वरातच होती ती. पण मी तोपर्यंत नवरदेव होऊन बसलो होतो. मी शिक्के मारून घेतले, निघताना केळ्यांचा अर्धा घड पिशवीत घेतला, आणि परतीच्या एसटीत बाजूच्या माणसाला, मी मॉरिशसला स्थायिक होतोय, असं न विचारता सांगितलं.

मॉरिशस

विमानतळावर ईरा मला ओळखायला तयार नव्हती. फोनवर माझं फक्त कपाळ दिसतं ना, म्हणून. मग कपाळ पुढे केलं तेव्हा हसली.

तिथला ऊस पाहून मी भूगोल सांगायला सुरुवात केली, आणि ईरासकट गाडीतल्या तिन्ही बायकांनी एकदम दुसरा विषय काढला. केळी आपल्या बोटाएवढी, पण गोड. जळगावच्या माणसाने ती पाहून हसावं आणि खाऊन गप्प बसावं. रस्त्यावर डालपुरी मिळते: डाळ भरलेली मऊ, पातळ पोळी, वर रस्सा आणि तिखट चटणी. आपण डाळीत गूळ घालून जो सण करतो, त्याची त्यांनी रोजची न्याहारी केली आहे. मी एकदम चार खाल्ल्या, आणि पुढचा पूर्ण दिवस मॉरिशसचं जे काही पाहिलं ते मीनलच्या न्हाणीघराच्या खिडकीतून.

शेजारी मिस्टर गोपाळ राहतात. त्यांचे पणजोबा कोकणातून आले. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून झालेली तिथली बोली, बोलतात, आरती मात्र मराठीत अस्खलित म्हणतात. अर्थ विचारला तर "देव जाणे" म्हणतात. त्यांनी मला शाळेत शिकलेल्या मराठीत विचारलं, "आपले गाव रत्नागिरी?" मी म्हटलं, खान्देश. ते गाव रत्नागिरीच्या कोणत्या बाजूला, असं त्यांनी विचारलं. मी निम्मी संध्याकाळ घालवून त्यांना तापी नदी काढून दाखवली. मग त्यांना माझ्या फायलीची जाडी दिसली.

"हे सगळे कशाला?"

"इथे राहायला. पेन्शन दाखवावी लागते."

"माझ्या पणजोबांनी हात दाखवले," ते म्हणाले. "बोटीवरून उतरले. गोऱ्याने तळहात पाहिला. घट्टे आहेत? ऊस तोडेल. राहा." त्यांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं. मी तो खिशात घातला.

कचेरीत शैला बरोबर आली. टेबलापलीकडे एक मदाम होत्या, माझ्या मीनलच्या वयाच्या, केस बांधलेल्या, आवाज मऊ. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, पण मला ते मराठीतच आठवतं, कारण लाज माणसाला आपल्याच भाषेत वाटते.

त्यांनी दाखला पाहिला, मान हलवली. मग स्टेटमेंट घेतलं आणि पेन्सिल उचलली.

"ही तुमची पेन्शन?"

"हो."

"ही पण पेन्शन?"

"ती... पुतण्याने पाठवली."

"पुतण्या तुम्हाला पेन्शन देतो?"

"नाही, त्याचं किराणा दुकान आहे."

पेन्सिल खाली सरकली. "इथेही पेन्शन. इथेही. प्रोफेसर, तुम्हाला एकूण किती सरकारं पेन्शन देतात?"

इथे गप्प बसायचं होतं. शैलाने टेबलाखालून माझ्या मांडीला चिमटा काढलाही. पण आयुष्यभर वर्गासमोर उभा राहिलेला माणूस. समोरच्याला कळलं नाही की उदाहरण देतो. मी त्यांना म्हशीचं उदाहरण दिलं. पाहुणे कसे येतात, अंगणात काय बांधतात, त्यात कुणाचं वाईट कसं नसतं, सगळं. चांगलं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मला वाटलं, पटतंय.

"म्हणजे ही म्हैस तुमची नाही," त्या म्हणाल्या आणि पेन्सिलीने एक ओळ खोडली.

"नाही."

"ही?"

"नाही."

त्या खोडत गेल्या. आबा खोडले गेले, मेहुणे खोडले गेले, बांधावरचे भाऊबंद खोडले गेले. शेवटी दर महिन्याची एक एक ओळ उरली, माझी. त्यांनी तिचे डॉलर केले. दोनदा केले.

"ही पुरत होती," त्या म्हणाल्या.

शैलाने टेबलाखालचा हात काढून घेतला.

"एवढीच आणली असती तर आज काम झालं असतं. पण आता या खात्यातलं तुमचं काय आणि दुसऱ्यांचं काय, हे मी माझ्या शब्दावर वरच्यांना सांगू शकत नाही. खातं स्वच्छ ठेवा. सहा महिने फक्त तुमची पेन्शन दिसू द्या. मग पुन्हा अर्ज करा."

"हे बाकीचं तुम्ही पाहिलंच नाही असं नाही का करता येणार?"

"तुम्हीच दाखवलंत ना?" त्यांनी फाईल बंद करून दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवली. त्यात उद्धटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला परत येऊन चार लोकांत बोलायला काहीतरी मिळालं असतं.

बसमध्ये शैला खिडकीशी बसली. बराच वेळ ऊस मागे जात राहिला.

"ती बुलेट आपली नाही हे मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला तिचा स्टँड लावता येत नव्हता. मी वडिलांना बोलले नाही. म्हटलं, बुलेट गेली तर गेली, माणूस तर राहील."



मीनल संध्याकाळी ड्यूटीवरून आली. तिने शूज काढले, जेवली, आणि मग विचारलं, "किती महिने?"

"सहा. वर कागदांना लागतील ते."

तिने मान हलवली. ती मला बोलली असती, ओरडली असती, तर मी एखादा विनोद केला असता. माझ्याकडे दोन-तीन तयार होते. तिने कपाटावरची बॅग काढली आणि ईराचे फ्रॉक घड्या करून त्यात ठेवायला लागली. लोकरीचं एक स्वेटर घेऊन ती थबकली. "धुळ्याला थंडी असते ना अजून?" तिने शैलाला विचारलं. पोरीला आईपासून तोडून आणणार नाही म्हणणारी शैला उठली आणि तिच्या हातातून स्वेटर घेऊन स्वतः घडी घालू लागली. मी व्हरांड्यात गेलो. मिस्टर गोपाळ कुंपणापलीकडे झाडांना पाणी घालत होते. त्यांनी मला हात केला. मी हात केला नाही.

चाळीसगाव

परतताना मुंबईहून रेल्वेने चाळीसगावला उतरलो. फलाटावर पुतण्या हार घेऊन उभा, आबा सोनगीरहून खास आलेले, आणखी पाच-सहा जण. आम्हाला तिघांना पाहून त्यांना वाटलं काम फत्ते, आता फक्त सामान न्यायला आलो. मी फोनवर कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

"काका, शेरा चालला ना?" पुतण्याने कानात विचारलं.

"चालला," मी म्हटलं. "फार वाचला त्यांनी."

आबांनी ईराला उचलून घेतलं. तिने घाबरून शैलाकडे हात पसरले. "पोर घर उनी," आबा सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आखो काय जोयजे?" पोर घरी आली, आणखी काय पाहिजे, म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. या वेळी ठेचा नव्हता. मी त्यांच्यावर चिडायचं ठरवून गाडीतून उतरलो होतो. शैलाने माझ्याकडे पाहिलं, मी हार गळ्यात घालून घेतला.

पैसे मी ज्याचे त्याला परत केले. दोघे-तिघे रुसले, एवढी कसली घाई, आम्ही काय परके, म्हणाले. आता माझ्या खात्यात मी आणि सरकार, दोघंच राहतो. महिन्यातून एकदा ते येतं. फार स्वच्छ वाटतं, आणि फार ओकंबोकं.

पुन्हा धुळे

ईराला आमच्या गल्लीजवळच्या शाळेत घातलं. पहिले काही दिवस ती दाराच्या आड उभी राहून गल्लीतली पोरं पाहायची, आणि काही लागलं तर क्रिओलमध्ये मागायची, जे मला कळायचं नाही आणि शैलाला निम्मंच. मग एकदा लगोरीत गडी कमी पडतोय म्हणून पोरांनी तिला ओढून नेलं, आणि तेव्हापासून ती घरी फक्त जेवायला येते. तिच्या तोंडी गल्लीची भाषा कधी बसली ते आम्हाला कळलंही नाही.

सहा महिन्यांतला पाचवा चालू आहे. परवा दुपारी मीनलचा व्हिडिओ कॉल आला. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती, अंगावर हॉटेलचाच कोट होता. तिने ईराला क्रिओलमध्ये काहीतरी विचारलं, बहुतेक जेवणाचंच; त्या दोघींचं तसंच बोलणं असायचं. ईराने फोन हातात धरला, क्षणभर आठवल्यासारखं केलं, आणि म्हणाली, "बठ्ठं खाई टाकं."

मीनल हसली. खूप हसली. "अगं, काय बोलतेस हे!" म्हणाली, आणि पुन्हा तेच क्रिओलमध्ये विचारलं, हळू, एकेक शब्द सोडवून. ईराने माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, आई काय म्हने?"

पलीकडे हसणं चालूच राहिलं, मग ते थांबलं, आणि तिचा फोन उताणा पडला. पडद्यावर नुसतं तिच्या खोलीचं छत दिसायला लागलं.

"नेट गेलं वाटतं," मी ईराला म्हटलं.

तिने फोन डोळ्यांजवळ नेला, नीट पाहिलं.

"पण आजोबा, पंखा तं फिरी राह्यना."